कॅलेंडरावरची टिकली

आदरणीय वत्सलाबाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्याबद्दल मोठी माणसं लिहितीलच. माझी आणि बाईंची पहिली ओळख मात्र भांडणातून झाली.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ बाईंची मतिमंद मुलांची शाळा. माझी धाकटी बहीण सुमन तिथंच राहून शिकायची. एका सुटीत ती वडीगोद्रीला आली आणि भरल्या ओसरीत अंगाच्या सगळ्या भागांची नावं घडाघडा म्हणून दाखवली. पाहुणे हसले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं मी शाळेत.

"हे असलं घाण शिकवायला पाठवली काय आमची पोरगी?"

बाई कापडी बाहुलीला चड्डी शिवत होत्या. म्हणाल्या, "डोळ्याला डोळा म्हणता, मंग बाकीच्या अंगानं काय पाप केलं? नावच ठाऊक न्हाई, तर कुणी हात लावला हे ती सांगणार कसं? बसा, चहा घ्या. ओरडून घसा सुकला असंल."

मी पाचवी नापास. चहा प्यालो.

पुढं सुमनला पाळी सुरू झाली. तिला काही उमजेना, कपडे तसेच घालून अंगणात फिरायची. माय रडायची. गर्भाची पिशवीच काढून टाका, असं कुणीतरी सुचवलं आणि आमच्या वडिलांनी, आबांनी, ऑपरेशनची तारीखही घेतली. कळताच बाई वडीगोद्रीला आल्या.

"आबा, पिशवी काढल्यानं पोरीला जपायचं काम संपत न्हाई. मला तीन महिने द्या."

"अन् न्हाई जमलं तर?"

"मंग बोलू. पण तिला सांगून, तिला विचारून. अंग तिचं हाय."

बाईंनी बाहुली, कुंकवाचं पाणी आणि जुन्या लुगड्याच्या घड्या घेतल्या. घडी लावायची, बदलायची, धुवायची, उन्हात वाळवायची. रोज तेच, न कंटाळता; बाई नसल्या की माय करून घ्यायची. आमच्या घरच्या भिंतीवर खिळ्याला बियाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर. पाळी आली की त्या दिवसावर सुमननं लाल टिकली लावायची.

पहिल्या महिन्यात तिनं धुतलेली घडी आबांच्या सायकलच्या हँडलला वाळत घातली. आबा तापले. बाई म्हणाल्या, "धुतली ना बराबर? मंग अर्धं जमलं. जागा दाखवू."

तिसऱ्या महिन्यात बदनापूरला लग्न होतं. जेवणाच्या पंगतीतून सुमन उठली, मायकडची घड्यांची पिशवी घेतली, आडोशाला गेली आणि नीटनेटकी होऊन परत आली. कुणी सांगितलं नव्हतं. घरी येताच कॅलेंडरावर टिकली लावून म्हणाली, "आबा, पाहा!"

आबांनी दवाखान्याचा कागद टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी मोसंब्यांचं पोतं खांद्यावर घेऊन शाळेत गेले आणि बाईंना म्हणाले, "जितलात, बाई."

"मी न्हाई, सुमन जितली," बाई म्हणाल्या.

आज सुमन त्याच शाळेत नव्या मुलींना तीच बाहुली दाखवते. ऐकलं नाही की दटावतेही, अगदी बाईंसारखी.

माझा पाय एका जागी ठरत नाही. हैदराबाद झालं, लुधियाना झालं, आता सुरत. जिथं गेलो तिथं मायकडून पत्ता घेऊन बाईंचं कार्ड यायचं, "चुका करा, पण उत्तर लिहा." हा लेख त्याचंच फळ, चुका माझ्या.

परवा सुमननं फोनवर सांगितलं, बाईंच्या वाढदिवसावर तिनं मोठी टिकली लावली आहे. "दरसाल लावणार. बाईला सांग, राहायचं!"

बाई, तिचं ऐका. ठणठणीत राहा. कॅलेंडराचा खिळा पक्का आहे. दरसाल नवं कॅलेंडर घेऊन घरी यायचं काम माझं.