वरून ओतलेलं पाणी

"उभ्यानं पिऊ नगं रं. खाली बस, आन् मधी तीनदा दम घे." शेजारची मुमताज आपल्या नातवाला हे शिकवत होती. आमच्या धर्मात असंच पितात, ती म्हणाली. मला निपाणीचे पिंजारीआप्पा आठवले.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मी दहा वर्षांची असेन. आप्पा मुसलमान, आमच्या अंगणात कापूस पिंजायला येत. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला असे. त्यांनी पाणी मागितलं की आई तांब्या माझ्या हाती देऊन बजावी, "वरनं वत. शिवू नगंस." आप्पा उकिडवे बसून ओंजळ तोंडाशी धरत. मला वाटे, आमच्यापुढं नमून बसतात. मग मी ओट्यावर आणखी ताठ उभी राही.

एकदा दोन घोट घेऊन त्यांनी तोंड बाजूला केलं. "थांब गं लेकी, दम घिऊ दे." मला गंमत वाटली, मी धार चालूच ठेवली. त्यांना जोराचा ठसका लागला, सदरा भिजला. तरी डोळे पुसत म्हणाले, "पाणी लई ग्वाड हाय."

ते माझ्यापुढं नमून बसत नव्हते, त्यांच्या धर्माच्या रीतीनं बसत होते, हे कळायला मला अख्खा जन्म लागला. त्यांनी एक श्वास मागितला होता. तेवढाही मी दिला नाही.