फणसाचा पार

आमच्या घरापुढच्या फणसाला हात लावायचा नाही, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. भांडण बाकीच्या झाडांवरून होतं. आणि आज मरायला टेकलाय तो फणसच. त्याला तिथवर नेणारा मी. सातवीच्या मुलांना तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस.

आमचं घर पेडण्याचं. लग्न होऊन आल्यापासून बायको हे अंगण झाडत आली आहे, आणि फणसाची पानं काही तिच्यावर दया करणारी नव्हेत. मी निवृत्त झालो त्या वर्षी तिनं जाहीर केलं, "माका आता बाग व्हयी. झाडून काढूची न्हय, बसून बघूची." मागणी रास्त होती. म्हापशाहून बागा आखून देणारी एक मॅडम बोलावली.

मला वाटलं होतं, ती येईल, कुठे गुलाब आणि कुठे हिरवळ ते कागदावर काढील आणि जाईल. तिनं दोन दिवस नुसती जुनी झाडं पाहिली. लाकडी हातोडीनं खोडावर ठोकून कान लावायची. बुंध्याशी बोटांनी माती उकरायची. पावसात पाणी कुठे तुंबतं ते विचारायची. मग प्रत्येक झाडाला तिनं फीत बांधली. छपरावर कललेला माड आणि आतून पोकळ झालेला जांब यांना लाल, म्हणजे कापायचे. आंब्याला पिवळी, म्हणजे फक्त सुकल्या फांद्या काढायच्या. भिरंडीला, म्हणजे कोकमाला, पांढरी, म्हणजे हातच लावायचा नाही. माझ्या शाळेची तपासणी व्हायची तेव्हासुद्धा कुणी इतकं तपासलं नव्हतं.

फणसापाशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. पांढरी फीत बांधून तिनं मला एक कागद लिहून दिला: याची सावली पडते तिथवर खणू नये, गाडी नेऊ नये, माती टाकू नये. मी तो कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला, म्हणजे हरवायला नको. हरवला नाहीच. मी तो पुन्हा उघडलाही नाही.

फणसाचा खरा धनी म्हणजे माझे बाबा. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी उभा जन्म ट्रक चालवला. आता नव्वदीला आलेत. तोंडात दात नाही आणि कवळी त्यांना सोसत नाही. वर्षभर चहात बुडवलेला उंडो पाव खातात आणि मे महिन्यात आमच्या फणसाचे रसाळ गरे. ते गरे चावावे लागत नाहीत, आपसूक घशाखाली उतरतात. एकेका गऱ्याला ते डोळे मिटतात. तेवढा एक महिना ते माझ्या लहानपणीचे बाबा असतात.

बाबांना फितींचं काही कौतुक नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच. या जागेचा राखणदार फणसात राहतो, आणि त्याला विचारल्याशिवाय इथल्या कुठल्याच झाडाला कुऱ्हाड लागायची नाही. म्हणून एका सकाळी फणसाच्या बुंध्याशी नारळ ठेवून बाबांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालणारा देवाला उद्देशून एकेक मागणी मोठ्यानं सांगतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार भरायचा, अशी आमच्याकडची रीत. मी आणि बायको हात जोडून मागे उभे होतो.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या जाग्यातली झाडां तोडूची आसत. त्येचो राग धरू नको."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या फणसाक कोण हात लावचो नाय."

"व्हय म्हाराजा."

मग बाबा अडले. देवाकडून मागून घेतलं, आता द्यायचं काय, ते त्यांना सुचेना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि मी, फार मोठा शहाणा, पुढे वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "पार बांधू म्हणा."

बाबांचा चेहरा खुलला. "तुका चिऱ्यांचो पार बांधून दितंव, मातयेन भरून वर बसाक बरी जागा करतंव!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

पुढचे पंधरा दिवस मॅडम दुसऱ्या कामावर होती. तेवढ्यात गवंड्यांनी फणसाभोवती कमरेएवढा पार उभा केला. मोपाच्या कातळसड्यावरची लाल माती आणवली. बाबा खुर्चीत बसून हुकूम सोडत होते आणि गडी माती चोपून चोपून भरत होते. मी वरून पाणी मारलं, माती दबावी म्हणून. पार दिसायला देखणा झाला. बायकोसुद्धा म्हणाली, "बरो दिसता हो."

मॅडम आली आणि फाटकातच थबकली. म्हणाली, "सर, तुम्ही झाडाला गळ्यापर्यंत पुरलंत. मुळांना हवा लागते. ही माती पावसाच्या आत काढा."

मुळांना हवा लागते. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. खाली मुळांचं चित्र काढायचो, चित्रात निळ्या खडूनं बाण दाखवायचो. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. बायको रात्री जेवताना म्हणाली, "जल्मभर पोरांक मार्क दिलात तुमी. आता झाड तुमकां दितला."

दुसऱ्या दिवशी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खुर्ची सोडून ते पारावरच जाऊन बसले आणि म्हणाले, "देवाक दिल्लां परत घेतंय? घे. पयलां माका हंयसून उचल." तेव्हापासून त्यांची सकाळ-संध्याकाळची जागा तीच.

एकदा दुपारी ते आत झोपलेले असताना मी फावडं घेऊन गेलो. तीन घमेली माती काढली. चौथं भरताना हात चालेना. मी कधी अंगात येण्यावर विश्वास ठेवला नाही, नवस केला नाही. पण बाबांनी माझ्यादेखत शब्द दिला होता, तो मी त्यांच्या तोंडात घातला होता, आणि ते आत कुशीवर वळून विश्वासानं झोपले होते. मी तीन घमेली परत ओतली, वरून थापटून सारखी केली. इतकं अगतिक मला कधी वाटलं नव्हतं, आईच्या आजारपणातसुद्धा. तिथे निदान औषध आपल्या हातात नव्हतं.

पुढच्या वर्षी पानं लहान आली. शेंड्याच्या फांद्या उघड्या पडल्या. बायको अवेळी पानं झाडायची आणि माझ्याकडे पाहायची. बाबांना डोळ्यांनी शेंडा दिसत नाही. त्यांना दिसतं ते खोड, आणि खोड अजून जाडजूडच आहे.

आणि यंदा फणस धरला. कधी नव्हे इतका. खोडापासून फांद्यांपर्यंत फळाला फळ लागून, दोन तर थेट पारावरच्या मातीला टेकलेले. बाबांच्या अंगात दहा वर्षं मागचं बळ आलं. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून दाखवू लागले, घरोघर फणस पोचवायला लावले. मलाही क्षणभर वाटलं, चुकलं असेल विज्ञान. मी धावत मॅडमला फोन केला. ती म्हणाली, "सर, जाणारं झाड कधी कधी असं करतं. आहे तेवढं सगळं फळात घालतं."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. बाबांनी त्या महिन्यात रोज गरे खाल्ले, डोळे मिटून. मी समोर बसून बिया काढून देत होतो.

शेवटचा फणस उतरवला त्या दिवशी बाबांनी पुन्हा नारळ मागवला. फणस पावला, आता त्याचे उपकार मानायला हवेत. आम्ही दोघं पूर्वीसारखे हात जोडून मागे उभे राहिलो. या खेपेला त्यांना कुणी काही सुचवावं लागलं नाही.

"बा राखणदारा म्हाराजा, तू आमकां भरभरून दिलंय. आता पाऊस सरलो काय ह्या पाराक आणखी एक थर चढयतंव, आणखी माती घालतंव."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बाबा थांबले होते. हुंकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. त्यांनी मान किंचित मागे वळवली, मी आहे ना ते पाहायला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.