आरामाच्या दिवशीचं चालणं

हिंगोलीत मी ज्या जिममध्ये जातो, तिथल्या ट्रेनरला रेस्ट डेला अंथरुणात लोळणाऱ्या माणसाचा भारी राग. "रेस्ट डे का मतलब सोना नहीं होता, भाई," हे तो दर शनिवारी सगळ्यांना ऐकवतो. पाच दिवस लोखंड उचलायचं आणि गुरुवारी-रविवारी हलकं काहीतरी करायचं. चालायचं, हातपाय ताणायचे, रक्त फिरतं ठेवायचं. वजनाला मात्र हात लावायचा नाही. मी हे तंतोतंत पाळायचो. लहानपणी मास्तरांचं इतकं ऐकलं असतं, तर आज एका खासगी शाळेच्या कचेरीत दाखल्यांवर शिक्के मारत बसलो नसतो.

गुरुवारी मी हिंगोलीतच पाय मोकळे करायचो. रविवारी मात्र गावी जायचो. आमचं गाव जवळा बाजारच्या अंगाला. घरी साठ-सत्तर मेंढरं. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, सकाळची भाकरी खाऊन कळप घेऊन निघतात ते दिवस कलल्यावरच परततात. मेंढरांमागं चालणं म्हणजे चार पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा चार पावलं टाकायची. ट्रेनर म्हणतो ते हलकं चालणं हेच की, असं एके दिवशी माझ्या डोक्यात आलं आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. गाड्यांचा त्रास नाही, वर मायच्या हातची भाकरी.

आबांना वाटलं, मी त्यांच्यासाठी येतो.

मी ते तसंच वाटू दिलं. शाळेत असताना गणवेशाला मेंढरांचा वास लागू नये म्हणून मी तो पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचो. दहावीनंतर मी कळपामागं कधी गेलो नाही. लोकर कातरायच्या दिवसांत मला हमखास काहीतरी काम निघायचं. आणि आता तिशीला टेकलेलं तेच पोरगं दर रविवारी येऊन शेजारी चालतंय म्हटल्यावर आबांची छाती भरून यायची. वाटेत जो भेटेल त्याला ते थांबवून सांगायचे, "पोरगं येऊन राहिलंय माझ्यासंगं. तिथं करमत न्हाई म्हणतं." करमत नाही, असं मी जन्मात म्हणालो नव्हतो. मी शेजारी उभा राहून मनगटावरच्या घड्याळात पावलं किती झाली ते पाहायचो.

जिमबद्दल घरी अवाक्षर बोललो नव्हतो. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? घरची पोती उचलायला मी कधी आलो नाही, आणि हिंगोलीत फी भरून लोखंड उचलतो, वरून ते होतं तिथंच परत ठेवतो! आबा हसले असते. त्या हसण्याची मला भीती होती.

दिवाळीनंतरचा रविवार होता. सोयाबीन निघून रानं मोकळी झाली होती. सकाळीच एक मेंढी व्याली होती आणि तिचं कोकरू आबांच्या घोंगडीत होतं. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली दुसरी व्याली. तिनं चाटूनपुसून झाल्यावरही कोकरू ओलंच होतं, चिकट, पिवळट. आबांच्या एका हातात पहिलं कोकरू, दुसऱ्यात काठी. ते सहज म्हणाले, "हे धर रे जरा."

मी पाऊलभर मागं सरलो. आदल्याच दिवशी मी जिममध्ये शंभर किलोचा बार जमिनीवरून उचलला होता. ते कोकरू तीन किलोचंही नसेल. ट्रेनरच्या नियमात कोकरू बसतं का, हा विचार तर पुढचा. खरी गोष्ट इतकीच की माझा टी-शर्ट नवा होता. पण तसं कसं म्हणणार? मग तोंडातून निघून गेलं, "डॉक्टरनं वजन उचलायला मना केलंय."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. "काहून?"

"असंच. थोडे दिवस," मी म्हणालो आणि मोबाइल काढून बोलल्यासारखं केलं.

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. काठी बगलेत दाबली, दुसरं कोकरूही घोंगडीत घेतलं आणि दोन्ही घरापर्यंत आणली. मी मोकळ्या हातांनी शेजारून चाललो. गुडघ्यांना ताण नको म्हणून सपाट जागा बघत बघत चाललो.

त्यानंतरच्या रविवारपासून आबा फार हळू चालायला लागले. शंभर पावलं झाली की झाड बघायचे आणि म्हणायचे, "बसू जरा." माझी पाण्याची बाटलीसुद्धा तेच घ्यायचे. मला वाटलं, म्हातारे झाले. खरं सांगायचं तर मला चीड यायची, कारण सारखं बसल्यामुळे माझे ठोके पाहिजे तितके वर जात नव्हते. घड्याळावर भरवसा वाटेना म्हणून मी मधूनमधून मानेवर दोन बोटं दाबून ठोके मोजायचो. आबा ते टक लावून बघायचे. मी बघितलं की मेंढरांना हाक मारायचे.

एका रविवारी त्यांच्या पायात चप्पल नव्हती.

"चप्पल काय झाली?"

"तुटली."

आमच्या भागातलं रान म्हणजे बाभळीचे काटे, बोरीचे काटे, आणि काटे नसतील तिथं सराटे. दुसरा कुणी असता तर त्यानं त्याच दिवशी बाजारातून नवी चप्पल आणून दिली असती. मी त्यांना चालता चालता अनवाणी चालण्याचे फायदे सांगितले. तळपायाची कमान मजबूत होते, शरीराचा तोल सुधारतो, शहरातले लोक मुद्दाम असं चालतात. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं सगळं. आबा "व्हय, व्हय" म्हणत ऐकत होते. मग मी मागं राहून त्यांच्या चालत्या पायांचा व्हिडिओ काढला आणि 'याला म्हणतात खरा फिटनेस' असं लिहून स्टेटसला ठेवला. जिममधल्या पोरांनी वाहवा केली. ट्रेनरनं अंगठा पाठवला. तो व्हिडिओ मी आता काढून टाकलाय, पण मला तो अजून जसाच्या तसा दिसतो. त्यात आबा डावा पाय नीट टेकवत नाहीत.

पुढच्याही रविवारी चप्पल नव्हती. त्याच्याही पुढच्या. तुटलेली चप्पल शिवून घ्यायला इतके दिवस का लागतात, हे मी विचारलं नाही.

मागच्या माघात एका रविवारी मी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं तरी मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीतच होती, ओरडत होती. आबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. डावी टाच सुजून तांबडी लाल झाली होती. मायनं सुईनं काटा काढून बिब्ब्याचा चटका दिला होता आणि आता ती चिंधी बांधत होती. मी गाडी लावली आणि म्हणालो, "राहू दे, आज मी नेतो मेंढरं."

"तू नगं," माय घाईनं म्हणाली. "तुला न्हाई झेपायचं."

"न झेपायला काय झालं?"

तिनं आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली, सांगू नको म्हणून. पण माय त्या दिवशी थांबणाऱ्यातली नव्हती. मला हाताला धरून तिनं जाळीपाशी नेलं आणि पदरानं डोळे पुसत बोलायला लागली.

"काहून लपवून राहिला आमच्यापासून? छातीचं दुखणं हाय न्हवं तुला? कोकरू उचलवत न्हाई. शंभर पावलं चाललं की मानेला हात लावून बघतो. त्यांना काय दिसत न्हाई का? औंढ्याच्या देवाला नवस बोललेत. लेकरू पुन्हा वजन उचलायला लागंल तवाच पायात चप्पल घालीन म्हणले."

मी वळून ओट्यावरच्या त्या सुजलेल्या टाचेकडे बघितलं, पण माय बोलतच होती.

"तुला इचारू म्हणलं तर म्हणतात, नगं, लेकराला तकलीफ व्हईल. तुझ्यासाठी चांगलं स्थळ आलं होतं. वरच्या आळीतल्या काकाच्या साडूची पोरगी. ह्यांनी काकाला घरी बोलावून सांगितलं, माझ्या पोराच्या छातीत दुखणं हाय, लोकाच्या लेकीला फसवायचं न्हाई मला."

वरच्या आळीतले काका म्हणजे आबांचे जन्माचे सोबती. त्यांचीही मेंढरं आहेत. दोघं चाळीस वर्षं एकाच रानात फिरतायत. माझ्यासाठी आलेलं स्थळ आबांनी त्यांना सांगून मोडलं होतं, आणि मी तीन महिने आबांच्या शेजारून पावलं मोजत चाललो होतो.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ओट्यावर जाऊन मी आबांपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. जिमचं, रेस्ट डेचं, हलक्या चालण्याचं. डॉक्टर कुणी नव्हताच, हे सांगितलं. टी-शर्टचंही सांगितलं. त्यांना खरं वाटेना. मी समजूत घालतोय असं त्यांना वाटत होतं. शेवटी मी मोबाइल काढून जिममधला व्हिडिओ दाखवला. त्यात मी बार उचलतोय, तोंड लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि मागून पोरं ओरडतायत.

आबांनी तो पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा पाहिला.

"हे तूच हाईस?"

"हो."

"किती वजन हाय?"

"शंभर किलो."

"क्विंटल," ते स्वतःशीच म्हणाले. "कवापासून?"

"दीड वर्ष झालं."

ते मनात मागं मागं जातायत, हे मला दिसत होतं. कोकराचा दिवस, त्याआधीचे रविवार, पहिला रविवार. मी तिथं नुसता चालायला यायचो, हे त्यांच्या ध्यानात येतंय, हेही दिसत होतं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. काठी जवळच होती, एक ठेवून दिली असती तरी चाललं असतं.

"मंग तुला कुठं दुखत न्हाई?"

"नाही आबा."

"बराबर?"

"बराबर."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि मायला म्हणाले, "चपला आण." चपला तुटलेल्या नव्हत्याच. मायनं आतून आणल्या, धुऊनपुसून ठेवलेल्या. आबांनी उजवी घातली. सुजलेल्या पायात डावी गेली नाही. ती त्यांनी हातातच धरून ठेवली.

तेवढ्यात काका आले. आमची मेंढरं अजून जाळीत दिसली म्हणून ती आपल्या कळपासोबत न्यायला आले होते. आबांचा पाय बघून हळहळले. मग मला पाहून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "अन् पोराच्या छातीचं काय म्हणता?"

मी तोंड उघडणार होतो. आबांनी मला बोलू दिलं नाही.

"बरं हाय आता," ते म्हणाले. "परवाच डाक्टरनं पुन्हा तपासलं. औषधानं गुण आला. वजन उचलायला हरकत न्हाई म्हणला."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला, मग पाठीवरून फिरवला आणि म्हणाले, "देवाला डोळे हायेत बाबा. तुझ्या बापानं लई सोसलं रं." मी त्यांच्या पाया पडलो, कारण वर बघण्याची माझी हिंमत नव्हती. लोकाच्या लेकीसाठी ज्या माणसानं एक शब्द लपवला नाही, तो माणूस माझी अब्रू झाकायला आपल्या जन्माच्या सोबत्याशी खोटं बोलला. बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. फक्त माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

काका दोन्ही कळप घेऊन गेले. मी गाडी वळवून ओट्याला लावली आणि म्हणालो, "चला आबा, जवळ्याला दवाखान्यात जाऊ."

आबा चप्पल हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"मेंढरं तर गेली," ते म्हणाले. "तुझं चालायचं राहील ना आज."

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच काळजीनं विचारत होते.