मावशीच्या रांगेतली रिकामी जागा

आठवडाभर लोकांचे कपडे बेतायचे आणि रविवारी पोरांना बायबल शिकवायचं, हा शिवणमावशीचा सोळा वर्षांचा शिरस्ता. वर्ग भरे चर्चमागच्या खोलीत. आवाज जाई पार रस्त्यापर्यंत. माशाच्या पोटात गेलेल्या योनाची गोष्ट असली की एक पोर उशीच्या अभ्र्यात शिरायचं आणि बाकीच्यांनी तीन दिवस मोजले की बाहेर पडायचं. नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, प्राणी म्हणून चिंध्या चढायच्या, त्याही जोडीजोडीनेच. घोकंपट्टीचं नाव काढलं की मावशीचं डोकं फिरायचं.

"पोरांचे पोपट करायचेत का?" ती विचारायची.

वचनं ती कापडासारखी बेतायची. बारा पोरं, वचनाचे बारा तुकडे. रांगेत उभं राहून ज्याने त्याने आपला तुकडा म्हणायचा. दर रविवारी तुकडे बदलायचे, म्हणजे तीन महिन्यांत अख्खं वचन तोंडपाठ. त्यात, हरवलेलं एक मेंढरू शोधायला मेंढपाळ बाकीची सोडून जातो, त्या गोष्टीवरून तिने एक खेळ घातला होता. एकाने लपायचं. त्याचा तुकडा दुसऱ्याने म्हणायचा नाही. रांग तिथेच थांबायची, सगळे शोधायला सुटायचे आणि तो सापडला की वचन पुढे सरकायचं.

चर्चची हजेरीवही सांभाळणाऱ्या वहीवाल्या काकांना हा धिंगाणा डोळ्यांसमोर नको होता. त्यांनी पाळकसाहेबांच्या मागे लागून ठरवून घेतलं, की येत्या रविवारी मुलांनी सगळ्यांसमोर वचन म्हणावं. अडखळली तर वर्ग काकांकडे. या पोरांखेरीज मावशीला मूलबाळ नव्हतं. वर्ग गेला असता तर तिचा रविवार ओकाबोका झाला असता. पण ती डगमगली नाही.

"माझी पोरं अडखळायची नाहीत, काका," ती म्हणाली. "तुम्ही फक्त ऐकायला या."

रविवारी पोरं उभी राहिली आणि मावशीने ती मोजली. अकराच होती! धोब्याची धाकटी आलीच नव्हती आणि तिचा तुकडा कुणाला द्यायला आता वेळ नव्हता. असो, पोरं तो तुकडा गाळून पुढे जातील, असं तिने मनाला समजावलं.

सहा तुकडे खणखणीत झाले. सातव्याला रांग गप्प.

"बघा! विसरली," काका म्हणाले.

"विसरली नाहीत," मावशी ठणकावून म्हणाली, कारण खेळातला नियम आता तिच्या लक्षात आला होता.

तेवढ्यात रांगेतली थोरली पोरगी म्हणाली, "चला रे, आणायला!" अकराच्या अकरा पोरं दाराबाहेर पडली. मागून मावशी, पाळकसाहेब आणि वही काखेत धरून धापा टाकणारे काका. दोन गल्ल्या ओलांडून वरात धोब्याच्या घराखाली थांबली. पोरांनी हाका मारल्या. तापाने फणफणलेली धाकटी आईच्या खांद्याला टेकून खिडकीत आली.

"तुझ्यापाशी अडलंय!" पोरं ओरडली.

बसक्या आवाजात तिने आपला तुकडा म्हटला. लगेच आठवा, नववा, दहावा, असं करत वचन बिनचूक पुरं झालं. मावशीचे डोळे भरून आले.

काकांनी वही उघडली. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने बाराही पोरं हजर मांडली होती.

"ती आली नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं," ते म्हणाले. "वर्ग तुमच्याकडेच राहू द्या, मावशी."