नोराबाईंच्या अंगणातला अंधार

त्या वर्षी मार्गशीर्षात माझी श्रद्धा पार डळमळली होती. नव्या खोलीच्या भिंतींसाठी माझे यजमान पिंपात चुना विरवत होते. पाणी ओतताच तो उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. पालघरच्या डॉक्टरांनी डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. नजर येईल की नाही, हे मात्र त्यांना सांगता येईना. पामला, आमच्या गावी, घरी आल्यावर मी रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडावेसे वाटत नव्हते. झाडापेरांत रमणारा तरणाताठा माणूस दिवसभर भिंतीला टेकून बसलेला. बोलणेही जवळजवळ थांबलेले.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचे काम चालू होते. तिथे आलेल्या एका परदेशी इंजिनिअरच्या बंगल्यावर यजमान माळीकाम करीत. त्या साहेबांची बायको नोराबाई ही आयर्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातली. कामगारांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत ती यजमानांकडून उचललेले मराठी शब्द मिसळून बोलायची. डिसेंबरातल्या एका दुपारी ती जीप घेऊन थेट आमच्या दारात आली. म्हणाली, "आज आमचा सण. तुमी दोघं पाहिजे."

"मना काय दिसनार हाय, बाई? मी नाय येत," यजमान म्हणाले.

ती त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. "आज सबसे लंबा रात. आज का सण अंधेरे का है, भाऊ. तुमी नाय, तो कौन?"

यजमान भिंतीला धरून उठले.

बंगल्याच्या दाराला तिने सुरूच्या हिरव्या फांद्या बांधल्या होत्या. तिच्या गावी सणाला लाल फळांच्या डहाळ्या लावतात. त्या इथे कुठून मिळणार, म्हणून तिने गुंजांच्या माळा सोडल्या होत्या. आपल्याकडे संक्रांतीचे कौतुक. तिच्या लोकांच्या हिशेबाने सूर्य याच रात्रीनंतर माघारी वळतो. तिच्या आजीच्या घरी या संध्याकाळी चूलसुद्धा विझवत आणि सगळे घर अंधारात गप्प बसे. मग गेल्या वर्षीच्या ओंडक्याच्या राखून ठेवलेल्या तुकड्याने नवा जाळ पेटवत. आपल्या गेल्या सणाचा तसाच जळका तुकडा नोराबाईंनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवला होता.

दिवस मावळला. घरातले सगळे दिवे मालवले. साहेब, आचारी, ड्रायव्हर, आम्ही दोघे, सगळेच अंगणात बसलो. मी मनात देवाला नेहमीचे मागणे घालू लागले. यांना नजर दे, एवढे कर, मी तुझे अमुक करीन. थोड्या वेळाने ते शब्दच संपले. मागायला काही सुचेना, रागही येईना. मी नुसती बसून राहिले. तेवढ्यात यजमानांनी माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

"आज समद्यांना माझ्यावानीच हाय," ते हळूच म्हणाले.

त्या एका वाक्याने माझे डोळे भरून आले. इतके दिवस आम्ही सगळे त्यांना उजेडाकडे ओढत होतो. त्यांच्याजवळ अंधारात कुणी बसलेच नव्हते. मीसुद्धा नाही.

नोराबाईंनी काडी ओढली. जुना तुकडा धुमसला, मग नव्या लाकडाने पेट घेतला. यजमानांनी एकदम मान वर केली.

"डाव्या अंगाला काय पेटवलंत? लाल लाल लागतंय."

खात्री करायला मी त्यांचे खांदे धरून त्यांना हलकेच दुसरीकडे वळवले. पट्टी बांधलेला तो चेहरा पुन्हा जाळाकडे फिरला आणि बोटही तिकडेच गेले. नोराबाई तोंडावर हात ठेवून रडू लागली. कुणी म्हणेल, ऊब लागली असेल. मी वाद घालत नाही.

पट्ट्या सुटल्या तेव्हा डावा डोळा शाबूत निघाला. उजवा गेला तो गेलाच. नोराबाई पुढे मायदेशी परतली. कुठल्या दूरच्या गावातली कुणाची आजी, तिचा सण, आणि त्यात देवाने आमच्यासाठी जागा धरून ठेवावी! त्याच्या दारी काय मागावे, हे मला अजून कळत नाही. म्हणून हल्ली मी मागत नाही. जे हाती ठेवील ते घेते.

पुढे यजमान पुन्हा बागकामाला लागले. वाटेने आम्ही दोघे असलो की मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूने चालते.