घोड्यांची डॉक्टरकी

आमच्या घोडेपाळांच्या वस्तीत, शेजारच्या तंबूतल्या दुलमाला राजधानीत जाऊन घोड्यांची डॉक्टरकी शिकायची होती. बाप शगदर म्हणायचा, हिशेबनिशी शीक. निघायच्या दिवशी सगळे जमलो, घोडीच्या आंबवल्या दुधाचा वाडगा फिरू लागला, तसा शगदर पुन्हा पेटला.

“आपल्यात पोर चालायच्या आधी घोड्यावर बसतं. अन् तू फी भरून घोडा शिकणार? माशानं पोहायच्या शाळेत नाव घालावं, तशातली गत!”

सगळे खदाखदा हसले. दुलमा हसली नाही.

“उभा घोडा तुम्हाला कळतो, बाबा. आडवा पडला की काय करता? टोपी काढता, अन् नंतर कवटी टेकडीवर नेऊन ठेवता.”

“तो त्याचा मान असतो, कार्टे!”

“मेल्यावरचा. परवा पोट फुगून मेली त्या घोडीला मान नको होता, औषध हवं होतं.”

“मग जा पायी! माझा घोडा मिळायचा नाही.”

पायी जाणं म्हणजे आमच्यात नाक कापून घेणं. दुलमानं गाठोडं पाठीवर टाकलं आणि सगळ्या तंबूंसमोरून ताठ मानेनं सडकेकडे चालू लागली.

ती ओढा ओलांडेपर्यंत शगदरनं दम धरला. मग पुटपुटला, “शगदरची पोर पायी चालली म्हणतील मेले,” आणि एका घोड्यावर बसून, दुसऱ्याचा लगाम धरून तिच्यामागं सुटला.

घोडा समोर आला तरी ती बसेना. “आधी सांगा, कसली डॉक्टरकी शिकायला सोडताय?”

“घोड्यांची!” तो ओरडला. “घोड्यांची, बाई! बस आता!”