संस्थेच्या बाजूच्या वकिलीणबाई

ज्याला कामावरून काढायचं, त्याला आधी समोर बसवून चहा पाजायचा, असा वकिलीणबाईंचा दंडक होता. एखाद्या शाळेचा अध्यक्ष किंवा गावचा सरपंच ‘अमक्याला काढायचाय, ऑर्डर लिहून द्या’ म्हणत जिना चढून आला, की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “थांबा. चहा पाजलात का त्याला?”

बाई फक्त मालकांच्या वकील होत्या. शिक्षणसंस्था, ग्रामपंचायती, एखादी पतपेढी. नोकरदाराची केस त्यांनी कधी घेतली नाही. पौडच्या बाजारपेठेत भावाच्या कापड दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. कोऱ्या कापडाचा वास कायद्याच्या पुस्तकांनाही लागला होता. भाऊ खालून हाक मारायचा, “आपा, पार्टी आली!” मी युनियनची पत्रकं वाचून वाढलेला. त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हा घरी सांगितलं होतं की शत्रूच्या गोटात चाललोय. बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. “बाहेरून तू कितीही घोषणा दे, अध्यक्षाला ऐकू जात नाही. त्याच्या कानाशी कुणीतरी बसलेलं लागतं. मी बसते.”

मला ते पटलं नाही. पण त्यांचा चहा मी पाहिलेला आहे.

एकदा एक सरपंच गावच्या पाणीवाल्याला काढायला निघाले होते. बाईंनी दोघांनाही खालच्या टपरीवर धाडलं, सोबत मला. बराच वेळ दोघं नुसतेच फुंकर मारत बसले. मग सरपंच म्हणाले, “गुडगा कसा हाय आता?”

“हाय तसाच.”

“मंग टाकीवर चढतुयास कसा?”

“चढतोय की. तुमी कवा बघाया आला?”

दुसरा कप झाला. सरपंच वर आले आणि धपकन बसले. “बाई, तुमचा चहा लई महाग पडला. आता ह्याला शिडी करून द्यावी लागतीय.”

“मग ऑर्डर लिहू का?”

“शिडीची लिवा.”

दर वेळी असं व्हायचं नाही. काही जण चहा पाजूनही काढायचेच. मग बाई नोटीस, चौकशी सगळं रीतसर करून घ्यायच्या आणि कोर्टात मालकाच्या बाजूने जीव तोडून भांडायच्या. जिंकायच्याही. अशा दिवशी मी त्यांच्याशी बोलत नसे. “तोंड वाकडं करून झालं असेल तर फाईल बांध,” त्या म्हणायच्या. त्यांचा स्वतःचा चेहराही त्या दिवशी जिंकल्यासारखा नसायचा.

शिंदेबाई कोळवणकडच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायच्या. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. दिवस गेले तेव्हा त्यांनी बाळंतपणाची रजा मागितली, आणि त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष जीप घेऊन आमच्याकडे आले. शिंदेबाईंना का काढायचं, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी त्या खोलीत होतो. ते वाक्य मी इथे लिहीत नाही.

बाईंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “थांबा! रजा तिचा हक्क आहे. तिला हात लावू नका.”

“तुमी आमच्या वकील का तिच्या?”

“तुमची आहे, म्हणूनच सांगतेय.”

“बावधनला वकील लई हायेत,” म्हणत अध्यक्ष उठले. मागवलेला चहा तसाच राहिला. पुढच्या महिन्यात बावधनच्या वकिलाने लिहिलेली ऑर्डर निघाली. कारण होतं, काम समाधानकारक नाही.

शिंदेबाई कठड्याला धरत धरत आमचा जिना चढून आल्या. बाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठीला उशी दिली आणि सांगितलं, “तुमची केस मला घेता येणार नाही. पुण्यातल्या चांगल्या वकिलाकडे पाठवते.”

त्या गेल्यावर मी भडकलो. “ते वाक्य आपण दोघांनी ऐकलंय, बाई! मी साक्ष देतो. नाहीतर पत्रक छापतो.”

“अध्यक्ष ते आपल्या वकिलाशी बोलले. चव्हाट्यावर नाही. वकिलाला ते बाहेर फोडता येत नाही.” बाई थकून म्हणाल्या, “तू छाप. मग यापुढे कुणीही काढायच्या आधी माझ्याकडे येणार नाही. काढून झाल्यावर येईल. तेव्हा मी कुणाला थांबवू?”

“आणि शिंदेबाई?”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. पत्रक मात्र छापलं नाही.

शाळांच्या न्यायाधिकरणात शिंदेबाई हरल्या. गरोदरपणामुळेच काढलं याला पुरावा नाही, असं ठरलं. आता त्या माण गावात भाड्याच्या खोलीत शिकवण्या घेतात. आणि ज्यांच्या भरवशासाठी बाई गप्प राहिल्या, ते संस्थावाले एकेक करून बावधनला गेलेच. ‘ती चहावाली लई थांबवती’ म्हणाले.

गेल्या वर्षी बाई वारल्या. त्यांच्या घरी सांत्वनाला गेलो तर शिंदेबाई मुलीला घेऊन आलेल्या. निघताना दाराशी मला म्हणाल्या, “मोठ्या मनाच्या होत्या हो. त्या दिवशी पाठीला उशी दिली, ती अजून आठवते. पण माझी केस का नाही घेतली त्यांनी?”

“त्यांना घेता येत नव्हती,” मी म्हणालो.

“संस्थेला घाबरल्या असतील,” शिंदेबाई समजूतदारपणे म्हणाल्या. “बाईमाणूस, त्यात एकटी. मी राग नाही धरला.”

त्या घाबरल्या नव्हत्या हे सांगायला माझ्याकडे अध्यक्षांचं ते एकच वाक्य होतं, आणि ते माझं नव्हतं. मी खाली वाकून मुलीच्या चपलेचा पट्टा लावून दिला. दोघी एसटी स्टँडकडे गेल्या. हे गप्प राहणं मी बाईंकडून शिकलो. ते मला अजूनही पटलेलं नाही.